कोर्ट उठेपर्यंत

माझा आवाज मोठा आहे, हे मला कुणी सांगायला नको. त्याच आवाजावर नोकरी केली. वसईच्या कोर्टात मी शिपाई होतो आणि पुकारा द्यायचं काम माझ्याकडे होतं. व्हरांड्यात उभा राहून मी आरोपीचं नाव घेतलं, की समोरच्या टपरीवर बसलेला माणूस हातातला चहा टाकून धावत यायचा. जूचंद्रला घरी बायको म्हणायची, "अहो, हळू बोला जरा, इथे कुणी आरोपी नाहीये." पण तुस्कानो साहेबांचा विषय निघाला की हाच आवाज बसतो. डोकं फिरतं ते वेगळंच.

आग्नेल तुस्कानो म्हणजे आमच्या कोर्टातले सरकारी वकील. भुईगावचे, बागायतदार ख्रिस्ती घरातले. भाऊ केळीची बाग बघायचे आणि हे एकटे शिकून वकील झाले. चेतक स्कूटरवरून यायचे. पुढे पायांत फायलींची पिशवी आणि फायलींवर सुकेळ्यांचं, म्हणजे घरच्या सुकवलेल्या केळ्यांचं, पुडकं. सुकेळी वाटायची त्यांना भारी हौस. मला द्यायचे, स्टेनोबाईंना द्यायचे, बेडी घालून आणलेल्या आरोपीच्या हातावरसुद्धा एक ठेवायचे. घरी वाडीतली बोली, जी मला निम्मी कळायची नाही, आणि कोर्टात मात्र एकदम शाळेच्या पुस्तकातलं मराठी. चिडले तरी समोरच्याला 'आपण'. मी म्हणायचो, "साहेब, शिवी द्यायची तर नीट द्या हो. 'आपण खोटे बोलत आहात' ही काय शिवी झाली?" ते मान खाली घालून हसायचे.

खून-दरोड्यांचे खटले वरच्या कोर्टात जातात. आमच्याकडे चोऱ्या, मारामाऱ्या, चेक न वटल्याच्या भानगडी. आणि सरकारी मदत लाटल्याचे खटले. हे खटले कुणालाच नको असायचे. मेलेल्या आजीचे निराधारांचे पैसे महिन्याच्या महिन्याला उचलणारा नातू, आंधळा असल्याचा दाखला घेऊन रिक्षा चालवणारा पठ्ठ्या, असला सगळा माल. प्रत्येकाच्या मागे कुणीतरी पुढारी उभा, आणि साक्षीदार म्हणजे गरीब माणसं, पिंजऱ्यात चढतानाच त्यांची पाचावर धारण बसलेली. बाकीचे सरकारी वकील सरळ हात वर करायचे, की फायल तुस्कानोंच्या टेबलावर. ते नाही म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "सदा, हे लोक गरिबाच्या ताटातलं उचलतात रे. खिशातलं उचललेलं एक वेळ मी समजू शकतो."

एका गोष्टीवर त्यांचा फार विश्वास होता. कबूल करण्यावर. एकदा दुपारी सुकेळी खाता खाता मला सांगत होते, की लहानपणी आई त्यांना देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, कन्फेशनला न्यायची. फादरच्या कानात पाप सांगायचं, फादर दोन प्रार्थना म्हणायला लावणार, की झालं. "बाहेर येताना मी उड्या मारत यायचो," म्हणाले. "कबूल केलं की माणूस सुटतो, सदा. लपवणाराच अडकतो." तेव्हा मलाही ते पटलं होतं. एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा ते सांगताना अगदी पोरासारखा झाला होता.

तर नव्वदनंतरच्या त्या वर्षांत एकदा पावसाळा संपता संपता अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वादळ येऊन गेलं. मोठं नव्हतं. दोन-चार होड्या आपटल्या, मासळी सुकवायचे बांबू मोडले, काही घरांची कौलं गेली. सरकारने मदत जाहीर केली. घर पडल्याचा अर्ज करायचा, सोबत पडक्या घराचा फोटो लावायचा. तिथे जितेंद्र नावाचा एक इसम होता. तहसील कचेरीबाहेर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज भरून द्यायचा. पांढरे बूट घालायचा मेला, चिखलातसुद्धा. त्याने वस्तीतल्या तीसेक बायकांना गोळा केलं, म्हणाला, सरकार कोळणींना पैसे वाटतंय, अंगठा उठवा. बायकांनी उठवले. पैसे आले ते बहुतेक सगळे जितेंद्रच्या खिशात गेले, बायकांच्या हातावर त्याने साडीचोळीपुरते ठेवले. पुढे कुणीतरी अर्ज चाळले तेव्हा दिसलं, की तीसही अर्जांना एकाच घराचा फोटो आहे. छप्पर उडालेलं एक घर, दाराशी कललेला माड. तोच माड सगळ्यांच्या दारात.

गुन्हा दाखल झाला. जितेंद्र आरोपी, आणि अंगठे उठवणाऱ्या बायकाही आरोपी. कायद्याने दोन्ही सारखेच. खटला उभा राहीपर्यंत काही वर्षं गेली, आणि मग तारखा सुरू झाल्या. तारीख म्हणजे काय, ते ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक. पहाटे बंदरावर मासळी घ्यायची सोडून या बायका अर्नाळ्याहून एसटीने यायच्या, व्हरांड्यात फतकल मारून बसायच्या आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन जायच्या. धंदा बुडायचा. जितेंद्र यायचाच नाही, त्याचा वकील कौस्तुभ अर्ज द्यायचा की आरोपी आजारी आहे. तुस्कानो साहेब जाता-येता त्या बायकांकडे बघायचे आणि कासावीस व्हायचे. मला कळायचं ना. त्या दिवशी सुकेळ्यांचं पुडकं तसंच घरी जायचं.

शेवटी त्यांनी एक तोडगा काढला. बायकांनी गुन्हा कबूल करायचा. मॅजिस्ट्रेट साहेबांशी ते बोलले होते. थोडासा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे तुरुंग नाही, काही नाही. संध्याकाळी कोर्टाचं काम संपेपर्यंत मागच्या बाकावर बसून राहायचं, की शिक्षा भोगून झाली. मग याच बायका जितेंद्रविरुद्ध साक्ष देणार, आणि खरा चोर आत जाणार. एका दगडात सगळं. साहेब खुशीत होते. व्हरांड्यात उभं राहून त्यांनी बायकांना समजावलं, "कबूल केलं की आजच सुटाल. पुन्हा इथे फेऱ्या नाहीत." बायका हरखल्या. एकीने तर साहेबांवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

त्यांत यमुना होती. सुकी मासळी विकणारी, विधवा, मागेपुढे कुणी नाही. वाळून काडी झालेली, पण नजर सरळ. ती पुढे आली आणि म्हणाली, "साहेब, माजं छप्पर खरंच उडालं व्हतं."

बाकीच्या बायका तिच्यावर तुटून पडल्या. गप ग, साहेब सोडतोय तर तुझं काय मधेच. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. आणि मग ते बोलले, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. "मावशी, मी मानतो. पण ते सिद्ध करायला अजून पाच वर्षं फेऱ्या माराव्या लागतील. तुम्हाला झेपणार नाही. हो म्हणा आणि मोकळ्या व्हा." खूप मायेने म्हणाले. आईला डॉक्टरकडे न्यावं तसं तिच्या दंडाला धरून आत घेऊन गेले.

मी पुकारा देत गेलो, एकेक बाई पुढे. गुन्हा कबूल आहे? हो. कबूल आहे? हो. यमुनाची पाळी आली तेव्हा ती थांबली. साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान हलवली. "हो," म्हणाली.

दुपार कलली. तीस बायका मागे दाटीवाटीने बसलेल्या. यमुनाला खोकल्याची उबळ आली ती थांबेना. मॅजिस्ट्रेट साहेब तेव्हा आत चेंबरमध्ये होते. तुस्कानो साहेब उठून तिच्याजवळ गेले, हळूच म्हणाले, "मावशी, अर्नाळ्याची एसटी आहे आता. जा तुम्ही. कुणी विचारलं तर मी आहे." ती गेली. बाकीच्या बसून राहिल्या. संध्याकाळी कोर्ट उठलं, त्याही गेल्या. साहेबांनी जाताना मला तीन सुकेळी दिली. त्या दिवसासारखा खूश माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

पुढे काय व्हावं? कचेरीत कुणीतरी अक्कल पाजळली. सरकारला फसवल्याची शिक्षा झालेल्या माणसाला सरकारचा पैसा कसा देता? ज्या ज्या बायकांना निराधारांची मदत मिळत होती, त्यांची बंद. बाकीच्यांना मुलं होती, सुना होत्या. यमुनाला तेवढंच होतं. तिचं औषध, तिचा तांदूळ, सगळं त्यावर. आग लागो असल्या अकलेला!

एका सोमवारी दुपारच्या चहानंतर मी दाराशी उभा होतो, तर यमुना जिना चढून आली. दम लागलेला. थेट आत गेली आणि मागच्या बाकावर बसली. मी म्हटलं, "मावशी, तुमची केस संपली ना?" ती म्हणाली, "माजी शिक्षा अर्धी राहिली बाबा. त्या दिशी साहेबाने मधेच सोडली. बाकीच्या बसल्या, मी न्हाय बसले. म्हनून माजा निराधाराचा पगार बंद केला. पुरी करून टाकते."

हसावं की रडावं कळेना. साहेबांना सांगितलं. ते आले, तिच्या शेजारी बसले, खूप समजावलं. बाकीच्या बायकांचीही मदत बंद झालीय, मदतीचा आणि बसण्याचा काही संबंध नाही. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "त्यांनी खरंच खोटं केलं व्हतं साहेब. त्यांची बंद झाली ती बरोबर. माजं तेवढं बसायचं राहिलं." तिच्या हिशेबात दुसरं कारणच सापडत नव्हतं. तिने काही चोरलं नव्हतं, मग देवाने-सरकारने तिला का मारावं? चूक शोधता शोधता तिला एवढी एकच चूक मिळाली होती, ती घेऊन ती आली होती.

त्या दिवशी कोर्ट उठेपर्यंत बसली. पुढच्या महिन्यात कचेरीत गेली, मदत आली नव्हती. पुन्हा सोमवारी आली. म्हणाली, एवढ्या दिसांचं व्याज चढलं असेल. मग येतच राहिली.

साहेब धावले हो, धावले नाहीत असं कुणी म्हणू नये. कचेरीत जाऊन तिथल्या साहेबाच्या टेबलासमोर उभे राहिले, हा माणूस, ज्याने कधी कुणाकडे शब्द टाकला नव्हता. तिथला साहेब म्हणाला, शिक्षा रद्द करून आणा, उद्या चालू करतो. शिक्षा रद्द कशी होणार? वरच्या कोर्टात अपील करायचं. आणि कायदा असा, की ज्याने आपल्या तोंडाने गुन्हा कबूल केला, त्याला त्या गुन्ह्यावर अपील नाही. दार लावून घेतलेलं, आणि कडी साहेबांनीच घातलेली. मग ओळखीच्या एका वकिलाकडून हायकोर्टात अर्ज टाकला, तो तिकडे पडून राहिला. मधे साहेबांची बदली निघाली जव्हारला. जन्मात पहिल्यांदा हा माणूस कुणाकुणाच्या पाया पडला आणि बदली रद्द करून घेतली. मला म्हणाले, "जितेंद्रचा खटला जिंकू दे, सदा. त्याने या बायकांना फसवलं असं निकालपत्रात लिहून आलं, की मी ते घेऊन कचेरीत जातो. मग बघू कसे नाही म्हणतात."

तो दिवस आला. एकेक बाई साक्षीला चढली आणि कौस्तुभने एकेकीला लोळवलं. तुम्हाला फसवणुकीची शिक्षा झालीय ना? हो. म्हणजे तुम्ही खोटं बोलता ना? बायका रडायला लागल्या. साहेबांची सगळी भिस्त यमुनावर. त्यांनी तिच्या हातात तो फोटो दिला, कललेल्या माडाचा. विचारलं, "आपल्या अर्जाला जितेंद्रने हा फोटो लावला. हे घर कोणाचे आहे, आपण सांगू शकता का?"

खरं सांगतो, साहेबांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं ती म्हणेल, ठाऊक नाही, जितेंद्रने कुठूनतरी आणला. तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. तिचा चेहरा उजळला, ओळखीचं माणूस भेटावं तसा. म्हणाली, "माजं घर. ह्यो माजा माड. माजा सासरा लावून गेला."

तीसही अर्जांत ज्या घराचा फोटो होता, वस्तीतलं खरोखर पडलेलं ते एकच घर, ते या बाईचं. जितेंद्रने खऱ्या घराचा फोटो काढून तो बाकी सगळ्यांना लावला होता.

कौस्तुभ उठला. त्याचा आवाज एकदम गोड. "आजी, घर तुमचंच पडलं होतं, तर मग तुम्ही गुन्हा का कबूल केलात?"

यमुनाने बोट केलं. "या साहेबांनी सांगितलं. हो म्हना नि मोकळ्या व्हा."

तिने तक्रार म्हणून नव्हतं सांगितलं. विचारलं म्हणून सांगितलं. साहेब टेबलाला धरून उभे होते. मॅजिस्ट्रेट साहेबांनी चष्मा काढून त्यांच्याकडे बघितलं. कौस्तुभने मग पुढे सगळं त्यावरच रचलं. सरकारी वकील निरपराध बायकांकडून गुन्हे कबूल करून घेतात, मग या साक्षींवर विश्वास ठेवायचा कसा? जितेंद्र सुटला. पांढरे बूट वाजवत जिना उतरला, खाली पेढे वाटले. माझ्याही पुढे डबा धरला हलकटाने. मी थुंकलो. पुढे तो निवडणुकीला उभा राहिला आणि निवडूनही आला, आता बोला.

निकालानंतरच्या पहिल्याच सोमवारी यमुना आलीच. साहेब तिच्याजवळ गेले, हात जोडले, म्हणाले, "मावशी, माझं चुकलं. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. आता येऊ नका." तिला ते हात जोडणं आवडलं नाही. "असं काय करता साहेब," म्हणाली, "तुमी त्या दिशी खोकला बघून सोडलं. मायाच केली." आणि पदर सावरून बाकावर बसली. साहेब बाहेर व्हरांड्यात जाऊन कठड्याला टेकले. मी पाणी नेलं. त्यांनी ते हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत.

अजून एक पावसाळा ती आली. मग दोन सोमवार आली नाही. साहेबांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि आम्ही अर्नाळ्याला गेलो. माड होता. घराला प्लास्टिक बांधलेलं, दाराला दोरी. शेजारीण म्हणाली, गेली की, आठ दिस झाले. औषध बंद केलं व्हतं तिने, कुठून आनायचं. साहेबांनी तांदळाची पिशवी आणली होती बरोबर, ती कुठे ठेवावी त्यांना कळेना. शेवटी शेजारणीकडे दिली. परतताना सगळ्या रस्त्याने मासळीचा वास. हायकोर्टातला तो अर्ज त्यानंतर कधीतरी निघाला. अर्जदार मयत, म्हणून निकाली.

साहेबांनी त्यानंतर कुणालाही गुन्हा कबूल करा म्हणून सांगितलं नाही. साधी सायकलचोरी असली तरी खटला शेवटपर्यंत चालवायचे. वकील चिडायचे, मॅजिस्ट्रेट चिडायचे. सुकेळी आणणंही बंद झालं. त्यांची बायको इझाबेलबाई शाळेत शिकवायच्या, एकदा बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "सदाभाऊ, हे कन्फेशनलाही जात नाहीत आता. मी विचारलं तर म्हणतात, फादर लगेच सोडतात." आणि तिथेच, भाजीवालीसमोर, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

साहेब रिटायर झाले, हार-तुरे झाले, सगळं झालं. त्यानंतरच्याच सोमवारी, दुपारच्या चहानंतर, मी दाराशी उभा. जिन्यावर पावलं. बघतो तर साहेब. काळा कोट नाही, साधा शर्ट. मला वाटलं पेन्शनचं काही काम असेल. ते आत गेले, वकिलांच्या खुर्च्या ओलांडून मागे गेले आणि त्या बाकावर बसले. भिंतीकडच्या कोपऱ्यात, ती बसायची तिथेच. संध्याकाळी कोर्ट उठलं तसे उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. पुढच्या सोमवारी पुन्हा.

नवीन मॅजिस्ट्रेटबाईंनी मला विचारलं, हे गृहस्थ कोण, कोणत्या केसमध्ये आहेत? मी म्हटलं, जुने सरकारी वकील आहेत, करमत नाही म्हणून येतात. दुसरं काय सांगणार होतो?

मग एका सोमवारी बाईंना बरं नव्हतं. त्या लवकर उठल्या, गाडीत बसून गेल्यासुद्धा. बाहेर लख्ख ऊन होतं. वकील गेले, स्टेनोबाई गेल्या. मी पंखे बंद केले, खिडक्या लावल्या. साहेब बसूनच. मी जवळ जाऊन, माझ्या मानाने अगदी हळू, म्हणालो, "साहेब, कोर्ट उठलं आज. चला, मी खालपर्यंत येतो."

त्यांनी वर बघितलं. खिडकीच्या फटीतून येणारं ऊन बघितलं. आणि माझं मनगट धरून म्हणाले, "सदा, मला लवकर सोडू नकोस रे."

मी किल्ल्या खिशात टाकल्या आणि त्यांच्या शेजारी बसलो. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो.